तरोटा राखला, गवत उपटलं

कोल्हापूरला गेलेली माणसं अंबाबाईचं दर्शन घेतात, चपला आणतात, गुळाची ढेप आणतात. मी गवत बघून आले. आमच्या भंडाऱ्याकडं हे सांगितलं की बाया तोंडाला पदर लावतात. धानाच्या मुलखात आयुष्यभर गवत उपटलेल्या बाईनं एक दिवस आणि एक रात्र गाडीत बसून गवतच बघायला जायचं, म्हणजे हसण्यासारखंच आहे. पण तिथं काय झालं ते मी कोणाला पूर्ण सांगितलं नव्हतं. आता सांगते.

माझी मुलगी प्रणाली, घरची पनू. बी.एस्सी. झाली आणि कोल्हापूर शहराच्या कडेला एक माळरान निसर्ग केंद्र आहे, तिथं लागली. आलेल्या माणसांना माळ फिरवून दाखवायचा, गवत राखायचं, बी गोळा करायचं. सहा महिने काम बघू, मग कायम करायचं की नाही ते ठरवू, अशी बोली होती. आमच्या घरातलं शिक्षण म्हणजे माझी सातवी आणि तिच्या बाबांची नववी. एवढी शिकून पोरगी गवत राखायला गेली हे त्यांना काही पटेना. यंदा धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आटोपली तसे ते स्टेशनवर गेले आणि तिकिटं काढून आले. जायचं माझं एकटीचं. यायच्या तिकिटावर मात्र दोन नावं, माझं आणि तिचं.

"सोबत घेऊनच ये," ते म्हणाले.

मी ते तिकीट निळ्या साडीच्या घडीत ठेवलं. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मला काय पाहिजे होतं ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. पोरगी जवळ पाहिजे होती, आणि तिची नोकरीही पाहिजे होती. दोन्ही कुठं मिळतं?

उतरल्या उतरल्या

गाडीतलं काही सांगत नाही. पाय सुजले, एवढंच. प्रत्येक स्टेशनावर मी शेजारच्या बाईला "कोल्हापूर आलं काय" विचारत होते. ती शेवटी म्हणाली, "बाई, कोल्हापूरच्या पुढं रूळच नाहीत. गाडी थांबली की उतरायचं." देव तिचं भलं करो, तेव्हा कुठं माझा डोळा लागला.

उतरले तर सगळीकडं आरडाओरडा. आमच्याकडं एवढ्या मोठ्यानं माणसं भांडतानाच बोलतात. एक रिक्षावाला माझ्याकडं बघून ओरडला, "मावशी, हुबं काय ऱ्हायलाय उन्हात? सावलीला या की." मी घाबरून पिशवी छातीशी धरली. तो माणूस भल्यासाठी सांगतोय हे कळायला मला अर्धा दिवस लागला.

तेवढ्यात गर्दीतून पनूचा आवाज आला, "आई, हलू नको, मी आलो."

मी मागं बघितलं, कोण आला म्हणून. मागं कोणीच नव्हतं. माझीच पोरगी, दोन वेण्यांची, हसत पळत येत होती.

"काहून वं, आलो काय म्हणतेस? तू बाई आहेस ना?"

"अगं, इकडं सगळ्या बाया असंच बोलतात. मी जातो, मी खातो."

"मग बाप्ये काय म्हणतात?"

"तेही तेच म्हणतात की."

तो 'की' पण नवीनच. मी खूप हसले. हसता हसता पोटात कुठंतरी चिमटा बसला. पाच महिन्यांत पोरीची बोली बदलली. आणखी पाच महिन्यांत काय काय बदलेल?

केंद्रावर जाताना तिनं मला एका चौकात उतरवलं. भर शहरात तिथं म्हैस उभी, आणि एक माणूस थेट पेल्यात धार काढत होता. आमच्याकडं दूध दोनदा उकळल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. मी पेला हातात धरून विचार करत बसले तर तो म्हणाला, "पावणं, ताप बघायलाय व्हय दुधाला? टाका की." मी डोळे मिटले आणि टाकलं. गरम, गोड, आणि वर सगळा फेस. पनूनं माझ्या ओठावरची पांढरी मिशी आपल्या ओढणीनं पुसली. तिच्या लहानपणी मी तिचं नाक पुसत होते, अगदी तसं.

माळ

शहर संपतं तिथं एक मोटारींचं दुकान आहे, त्याच्या पुढं उसाचा फड, आणि फड संपला की एकदम माळ. फाटकावर पाटी: 'हे ओसाड नाही, माळ आहे.'

आमच्याकडं आभाळ तुकड्यातुकड्यानं दिसतं. आंब्यातून, मोहातून, घराच्या कौलावरून. इथं ते सगळंच्या सगळं अंगावर आलं. खाली गुडघ्याएवढं गवत, त्यात पिवळी बारकी फुलं. वारा आला की अख्खा माळ आडवा व्हायचा आणि परत उठून बसायचा. एक चंडोल नावाचा मातीच्या रंगाचा पक्षी गात गात सरळ वर चढत गेला, इतका वर की दिसेना, आणि गाणं मात्र वरून पडतच राहिलं. मला चक्कर आली. पण चांगली चक्कर, लहानपणी पाळण्यात यायची तशी. मी चपला काढून हातात घेतल्या आणि चालायला लागले.

"मावशी, काटं हाईत," मागून कोणीतरी ओरडलं. हे चौगुले सर, केंद्राचे प्रमुख. अर्धी चड्डी आणि गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मी लगबगीनं चपला घातल्या आणि हात जोडले. "सर, तुमचे लय उपकार. पोरीला सांभाळलं."

"कसलं उपकार? काम करती, पगार घेती. लई बोलती तेवढी. गवतासंगट बी बोलती."

ही तक्रार की कौतुक ते मला कळेना. मी परत हात जोडले.

स्वयंपाकाला आणि शेतकामाला तिथं अक्काताई आहेत, जवळच्याच गावच्या, साठीच्या पुढच्या. त्यांनी ताटात ज्वारीची भाकरी वाढली, हिरव्या मिरचीचा खर्डा, दही. खर्ड्यानं कानातून वाफ निघाली. पोट भरलं, पण भाताशिवाय जेवल्यासारखं वाटेना, आणि ते मी बोलून कशी दाखवणार? तर या बाईनं न बोलता चुलीवरून पातेली आणली आणि माझ्या ताटात भाताचा डोंगर केला. "धानाकडची पावणी हाय. म्हटलं भाकरीनं हिचं भागायचं न्हाय."

माझे डोळे भरले. मी उठून भांडी घासायला लागले तर त्यांनी तांब्या हिसकावून घेतला. "पावण्यानं भांडी घासली तर मला हितं कोन ठिवंल?"

जेवताना पनू उद्याचं सांगत होती. उद्या कबनूरहून यंत्रमागावर काम करणाऱ्या लोकांची सहल येणार. त्यांना तिनं एकटीनं फिरवायचं, सर मागून बघणार. शेवटी तिचा स्वतःचा वाफा दाखवायचा, तिनं पाच महिने जीव लावून वाढवलेला. तो बघूनच सर कायम करायचं की नाही ते ठरवणार होते. घास तिच्या तोंडापाशीच थांबायचा, इतकी ती घाबरली होती. पोरगी माझ्यावरच गेली आहे.

"सकाळी वाफा भांगलून घ्यायला पायजे," अक्काताई म्हणाल्या. "लई तण माजलंय."

"भांगलून म्हणजे?" मी विचारलं.

"निंदण गं," पनू म्हणाली.

निंदण. आल्यापासून पहिल्यांदा मला येणारं काम कोणी बोललं होतं. मी मनात ठरवून टाकलं.

त्यानंतर पनूनं माझी पिशवी उपसली, साड्या झटकून दोरीवर टाकल्या, आणि एकदम गप्प झाली. मला वाटलं, दमली.

निंदण

तांबडं फुटायच्या आधी उठले. कोणी जागं नव्हतं. स्वयंपाकघराच्या मागं वाफा सापडला, लांबलचक, आठ ओळी, ओळींच्या टोकाला काड्या, काड्यांवर नुसते आकडे. जवळ जाऊन बघते तर माझा जीव हरखला. तरोटा! कोवळा, गोल गोल पानांचा, श्रावणात आमच्याकडं ज्याची भाजी झाल्याशिवाय आठवडा जात नाही तो तरोटा. वाफा म्हणजे भाजीचाच, दुसऱ्या कशाचा असतो? मला वाटलं, पोरीला घरची आठवण येते, म्हणून एवढ्या लांब तिनं तरोटा पेरला. आणि त्याच्या नरड्यावर बघा किती गवत चढलेलं.

मी कासोटा घातला आणि बसले.

काय सांगू त्या कामाची मजा. माती ओली, मूळ सुटसुटीत निघायचं. वर चंडोल सुरू झालेला. मी एकेक ओळ घेत गेले. गवत काढायचं, पाटाच्या पाण्यात मुळं धुवायची, एका ओळीची एक पेंढी करून गवताच्याच काडीनं बांधायची. आम्ही रोवणीला पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, बांधतो तशी. तरोट्याला मात्र धक्का लावला नाही. एकेका रोपाला माती ओढून भर दिली. स्वयंपाकघराला लागून अक्काताईंच्या म्हशीचा गोठा होता, तिथल्या पाण्याच्या हौदात आठही पेंढ्या उभ्या करून ठेवल्या. म्हटलं, म्हशीला ओला चारा होईल, तेवढीच भाताची परतफेड. सूर्य वर आला तेव्हा वाफ्यात गवताचं एक पातं नव्हतं आणि तरोटा प्रार्थनेला उभ्या पोरांसारखा ओळीत उभा होता.

अक्काताई खुरपं घेऊन आल्या आणि जागीच थांबल्या.

"पावणं, काय केलासा ह्ये?"

"भांगललं," मी म्हटलं. नवीन शब्द वापरायला मिळाला म्हणून मला कोण आनंद.

त्या बांधावर मटकन बसल्या. "टाकळा ठिवलासा आन् गवात काढलासा?"

तरोट्याला तिकडं टाकळा म्हणतात. "मग गवतच काढतात ना, अक्काताई?"

"आवो, गवातच पेरलतं की त्येंनी."

मागं पनू उभी होती. केस मोकळे, हातात कंगवा. ती वाफ्याकडं बघत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं.

"तू मुद्दाम केलंस," ती म्हणाली.

"काय बोलतेस पनू?"

"तिकीट बघितलं मी काल. दोन नावं आहेत. वाफा गेला की नोकरी जाईल, नोकरी गेली की मी येईन. बाबांनी सांगितलं ना तसं?"

तिकीट खरं होतं. बाबांचं बोलणं खरं होतं. पोरगी घरी यावी असं काल जेवताना एका घासाला मलाही वाटलं होतं, तेही खरं होतं. खोटं फक्त ते 'मुद्दाम' होतं, आणि ते मी कसं दाखवणार?

"मला गवत पेरतात हेच माहीत नाही गं," मी म्हटलं. "आपल्याकडं कोणी कधी पेरलं?"

अक्काताई उठल्या. त्यांनी पनूचं मनगट धरलं आणि तिला वाफ्याशी नेऊन खाली बसवलं. "ह्ये बघ. तुजी आई खोटं बोलंल एकांद्या वक्ती. ह्यो टाकळा बोलंल का? मुद्दाम करनारीनं सगळंच उपाटलं असतं. हिनं एकेकाला माती घातलीया. बघ की, लेकरागत निजवलंय."

पनूनं एका रोपाच्या बुडाला हात लावला. मग दुसऱ्याच्या. मग तिचे खांदे हलायला लागले. मी जवळ गेले तर ती हसत होती. डोळ्यातून पाणी, आणि हसत होती. "आई, टाकळा," ती म्हणाली. "अगं, तो काढायचा होता. तेवढाच फक्त काढायचा होता."

"मी गवत फेकलं नाही," मी म्हटलं. "हौदात आहे."

ती पळतच सुटली. हौदात आठ पेंढ्या उभ्या, मुळं पांढरी, पातं ताठ. तिनं एक पेंढी उचलून बघितली.

"पऱ्ह्यासारखी बांधलीस?"

"दुसरी कशी बांधतात?"

"आई, रोवू या," ती म्हणाली.

रोवू या. हा शब्द कोल्हापूरचा नव्हता. माझ्या पोटातला स्टेशनावरचा चिमटा तेव्हा सुटला.

पण कुठली पेंढी कुठल्या ओळीतली? मी हौदात कशाही ठेवल्या होत्या, आणि फुलोरा नसताना नुसत्या पात्यावरून पनूलाही कळेना. अक्काताईंनी एकेक पातं चुरगाळून नाकाला लावलं, दाताखाली धरलं. "ह्यो रोशा, वासच सांगतोय. ह्ये मारवेल. ह्यो पवना." सहा ओळखल्या. दोन राहिल्या. त्यांच्यापुढं अक्काताईंनीही हात टेकले.

तेवढ्यात सर आले. मी पुढं झाले. "सर, हे मी केलं. पोरीचं यात काही नाही. मला काय शिक्षा करायची ती करा."

सरांनी वाफा बघितला, हौद बघितला.

"टाकळा झकास आलाय," ते म्हणाले.

फाटकात गाडी वाजली. कबनूरची माणसं आली होती. सर पनूकडं वळले. "तूच फिरवनार हाईस न्हवं? मग फिरव." आणि जाऊन एका दगडावर बसले.

कबनूरची माणसं

चाळीसएक माणसं उतरली. पनूनं रात्री पाठ केलेल्या भाषणाचा कागद खिशातून काढला, त्याकडं बघितलं आणि परत खिशात ठेवला.

"आज आधी रोवणी आहे," ती म्हणाली. "फिरायचं नंतर. ही माझी आई. ती शिकवेल."

मी? बचत गटाच्या बैठकीत माझं नाव पुकारलं तरी मी शेजारणीच्या मागं लपते.

"आमी सुट्टीला आलोय का कामाला?" एक मिशीवाला म्हणाला.

"घरात तरी कुठं करतासा? हितं करा," त्याची बायको म्हणाली, आणि पदर खोचून तीच पहिली वाफ्यात उतरली.

मग मलाही उतरावं लागलं. आधी तरोट्याचे शेंडे खुडून टोपलीत घेतले, मग बुडखे उपटले. तेव्हा कोणी बघत नव्हतं तसं मी हळूच माफी मागितली त्यांची. पाणी सोडलं, चिखल केला. दाखवलं. तीन बोटांत रोप धरायचं, अंगठ्यानं दाबायचं, बोट काढताना माती मिटली पाहिजे. पहिली ओळ सापासारखी गेली. दुसरी बरी. तिसऱ्या ओळीपर्यंत चिखल सगळ्यांच्या कोपरापर्यंत आणि हसणं माळाच्या टोकापर्यंत गेलं होतं. मी आमच्याकडचं रोवणीचं गाणं धरलं. त्यांना शब्द कळेनात, तरी शेवटची ओळ सगळ्या बाया धरायला लागल्या. मग त्यांनी त्यांचं गाणं धरलं आणि मी शेवटची ओळ धरली.

मिशीवाला आता ओळींच्या टोकाला बसून एक डोळा मिटून बघत होता. मागावर कापड बघायची नजर त्याची. "मावशी, हितं धागा तुटलाय," तो ओरडला. ओळीत एक जागा रिकामी राहिली होती.

"मग गाठ मारा की," मी ओरडले.

की. माझ्या तोंडून. पनूनं चिखलातून मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मी तिथंच चिखलात बसले. सरांना राहवलं नाही. ते मदतीला उतरले, तर त्यांचा एक रबरी बूट चिखलात रुतून बसला आणि ते नुसत्या मोज्यावर बाहेर आले. बूट काढायला चार माणसं लागली.

शेवटच्या दोन ओळी त्या न ओळखलेल्या पेंढ्यांच्या. पनूनं काडीवर लिहिलं, 'माहीत नाही'.

मग तिनं सगळ्यांना माळावर नेलं. कागद न बघता बोलत होती. तिला ऐकत चाळीस माणसं कुजबुजतसुद्धा नव्हती, आणि कोल्हापूरकडची माणसं गप्प बसलीत म्हणजे काय ते आता मला कळत होतं.

इकडं मी तरोट्याची भाजी टाकली. लसूण, सुकी मिरची, भिजवलेली चणाडाळ. पंगत बसली तर मिशीवाला म्हणाला, "टाकळा व्हय ह्यो? आमी तर तुडवत जातोय ह्येला." अक्काताई म्हणाल्या, "माजी सासू करायची. मी इसरून गेलतो." त्यांनी दोनदा घेतली. सरांनी तीनदा.

तिसऱ्यांदा ताट पुढं करत सर म्हणाले, "कायम."

"काय सर?" पनूनं विचारलं.

"तू. कायम. अजून भाजी हाय का?"

पनूच्या हातात वाढायचा चमचा तसाच राहिला. भाजी मीच वाढली. बघत होते पनूकडं, म्हणून अर्धी सरांच्या मोज्यावर पडली.

"आन् पावणं," ते मला म्हणाले, "पुढल्या बारीला येताना फोन करून या. वाफ्याला कुलूप घालतो."

परतीचं तिकीट

आणखी दोन दिवस राहिले. रोज सकाळी दोघी वाफा बघायला जायचो. थोडी रोपं माना टाकून बसली, काही गेली. बाकीची तिसऱ्या दिवशी ताठ झाली. गेलेल्या जागी अक्काताईंनी काड्या खोचल्या. "धागं तुटल्यात," म्हणायच्या.

स्टेशनावर पनूनं विचारलं, "बाबांना काय सांगशील?"

"खरं ते."

"ओरडतील."

"ओरडू दे. मी आता ओरडण्याला भीत नाही. चार दिवस सगळे माझ्यावर ओरडत होते, आणि एकानंही मला उपाशी ठेवलं नाही."

गाडी हलली तशी ती खिडकीबरोबर पळत आली. मी रडले नाही. म्हणजे गाडी वळेपर्यंत नाही.

तिकीट बघणारा आला. कागद हातात घेऊन म्हणाला, "दोन नावं आहेत. दुसऱ्या कुठं?"

"कामावर," मी म्हटलं. तो पुढं गेल्यावर शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवली आणि आणखी दोनदा म्हणून बघितलं. कामावर. कामावर.

घरी पोहोचले तर पनूचे बाबा फाटकातच उभे. ते माझ्याकडं बघतच नव्हते. माझ्या मागं बघत होते, रस्त्याच्या वळणापर्यंत. मी त्यांना सांगायचं सगळं गाडीत नीट जुळवून ठेवलं होतं. वाफा, सर, चाळीस माणसं, एक एक ओळ. त्यातलं काहीच आठवेना.

"तिचं कायम झालं," मी म्हटलं. "मी एकटीच आलो."

त्यांची नजर वळणावरून परत आली आणि माझ्या तोंडावर थांबली.

"आलो?" ते म्हणाले.

"आलो की."